झोपबाईचा जोडविषय

आमच्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर एक पाळणाघर आहे. ते चालवणाऱ्या बाईला एक चांगलं घसघशीत नाव आहे, पण ते फक्त वीजबिलावर येतं. मुलं तिला काकू म्हणतात, मुलांचे आईबाप काकू म्हणतात, आणि पाठीमागे सगळी गल्ली तिला झोपबाई म्हणते. यात कुचेष्टा नाही. घरी ज्या पोराला निजवता निजवता बाप घोरायला लागतो आणि पोर त्याच्या पोटावर बसून टाळ्या पिटतं, तेच पोर झोपबाईकडे दुपारचं जेवलं की लाकडाच्या ओंडक्यासारखं पडायचं. एखादीच्या हाताला चव असते ना, तशी काकूंच्या हाताला झोप आहे, असं आया एकमेकींना सांगत. नवी आई चौकशीला आली की तिला जिन्यातच हे ऐकायला मिळे आणि वर पोचेपर्यंत तिचा निर्णय झालेला असे.

झोपबाईची पद्धत ठरलेली होती. जेवणं झाली की ओल्या फडक्याने तोंडं पुसायची. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज नको म्हणून खिडक्या लावायच्या, ऊन नको म्हणून त्यांच्यावर जाड गोधड्या टांगायच्या, अंगावर वारा नको म्हणून पंखा अगदी बारीक, पाती मोजता येतील इतका. दार लोटून घ्यायचं. मग जमिनीवर ओळीने गाद्या, आणि एकेकाच्या पाठीवर हात. हात फिरवायचा नाही, थोपटायचंही नाही, नुसता ठेवायचा. "थोपटलं की पोर मोजत बसतं," असं तिचं म्हणणं. ओळीतलं शेवटचं मूल झोपेपर्यंत पहिल्याची लाळ उशीवर आलेली असे.

घरात माणसं मोजकी. मुलगी नोकरीसाठी दुसरीकडे गेलेली. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. शहरभरच्या लिफ्ट त्याच्यामुळे चालतात आणि आमच्या इमारतीची बंद असते, विचारलं तर म्हणतो, "न्हाव्याचे केस कधी कापलेले बघितलेत का?" सासूबाई तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत. गुडघे गेल्यापासून त्यांनी जिना सोडला आणि ती खोली धरली, ती इतकी घट्ट की, "इथून मी आता आडवीच बाहेर पडेन," असं त्यांनी जाहीर करून टाकलेलं. शिवाय पलीकडच्या इमारतीत राहणारी जाऊ. ती विणते आणि बोलते, दोन्ही एकाच वेगाने.

असं सगळं बरं चाललेलं असताना नियम निघाला की पाळणाघर चालवणाऱ्याकडे पदवी हवी. लग्न ठरलं तेव्हा झोपबाईचं कॉलेज अर्धवट सुटलं होतं. ते पुरं करायला मुदत मिळाली. ती कॉलेजच्या कचेरीत गेली तर कळलं की मधल्या काळात अभ्यासक्रमाने कात टाकली आहे. मुख्य विषय बालविकास, तो जुनाच. पण सोबत एक जोडविषय सक्तीचा झाला होता.

"पोषणशास्त्र द्या," ती खिडकीतल्या कारकुनाला म्हणाली.

"ते सकाळी असतं."

सकाळी मुलं येतात. "मग हिशेबशास्त्र?"

"संध्याकाळी."

संध्याकाळी मुलं जातात. "दुपारी काय आहे?"

कारकुनाने वेळापत्रकावर बोट फिरवलं. "हवामान-सज्जता आणि पर्यावरण."

"म्हणजे काय असतं?"

"पूर, उष्मा, वादळं. ते सगळं वाढत चाललंय, तर त्यात माणसाने कसं टिकायचं, ते."

"पण दुपारी असतं ना नक्की?"

"नक्की दुपारीच असतं."

"द्या मग."

लोक आवडीने विषय निवडतात, हिने मुलांच्या झोपेवरून निवडला. तासाच्या दिवशी मुलं झोपली की ती निघणार, जाऊ येऊन बसणार. झोपलेल्या पोरांवर काय, मांजरही लक्ष ठेवील.

घरी थट्टा झाली. नवरा म्हणाला, "बरं झालं. म्हणजे तुझा मुख्य विषय पोरं आणि जोडविषय पाऊसपाणी. आपल्या संसारात तरी वेगळं काय आहे? मी जोडविषयच आहे की." सासूबाई म्हणाल्या, "या वयात स्वतःच्या गुडघ्यांची काळजी घ्यायची सोडून ही पृथ्वीची घेणार."

शिकवणारे सर इतके तरुण होते की पहिल्या दिवशी तिने त्यांना, "बाळा, जरा सरक, मला बसू दे," म्हणून वाट मागितली. वर्गातली बाकीची मुलं तिच्या मुलीपेक्षा लहान. मागच्या बाकावर एक मुलगी होती, तिला सगळे फटाकडी म्हणत. सरांचं वाक्य संपायच्या आत तिचा शेरा उडालेला असे. झोपबाई पहिल्या बाकावर बसून सगळं उतरवून घेई. कुठे बर्फ वितळतंय, कुठे समुद्र घरात शिरतोय, उन्हाळे कसे लांबत चाललेत. खरं सांगायचं तर हा विषय तिला लांबच्या नातेवाइकाच्या आजारपणासारखा वाटे. ऐकून वाईट वाटतं, पण उठून भेटायला जावं लागत नाही.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा सरांनी प्रत्येकाला एक यंत्र दिलं. साबणाच्या वडीएवढं, पांढरं. ते खोलीतली उष्णता मोजायचं, दमटपणा मोजायचं, आणि हवा किती शिळी झाली आहे तेही मोजायचं. म्हणजे माणसांनी श्वासातून सोडलेला वायू खोलीत किती कोंडलाय ते. जिथे माणसं रोज बराच वेळ असतात अशा एका जागी आठवडाभर ठेवायचं आणि परत आणून द्यायचं, एवढाच गृहपाठ.

झोपबाईने ते मुलांच्या निजायच्या खोलीत फळीवर ठेवलं. मनातून तिची खात्री होती की सर आपली खोली सगळ्यांना नमुना म्हणून दाखवतील. ऊन नाही, धूळ नाही, आवाज नाही.

"हात लावू नकोस हं त्याला," तिने जावेला बजावलं.

"हे आपलं बोलणं ऐकतं का?" जावेने विचारलं.

"नाही."

"मग काय उपयोग!"

पुढच्या आठवड्यात सरांनी आलेख भिंतीवर दाखवायला घेतले. नावं झाकलेली. रेघा बघून जागा ओळखायची, असा खेळ होता. पहिला आलेख सकाळ-संध्याकाळ उड्या मारत होता. "स्वयंपाकघर!" सगळे एका सुरात म्हणाले. दुसरा कुणाच्या तरी वसतिगृहातल्या खोलीचा निघाला. तिसऱ्याला वर्ग अडखळला. त्यातल्या दोन्ही रेघा, उष्णतेची आणि शिळ्या हवेची, भर दुपारी डोंगरासारख्या चढत होत्या आणि संध्याकाळी उतरत होत्या.

"बेकरी," कोणीतरी म्हणालं.

"बेकरीची दारं उघडी असतात. हवेची रेघ बघा."

"इस्त्रीचं दुकान?"

"गाड्या लावायचं तळघर?"

सर म्हणाले, "एक सांगतो. जेवणाच्या वेळेनंतर एकदम चढतं, आणि शनिवार-रविवारी हवेची रेघ सपाट आहे."

झोपबाईने वहीत लिहिलं, शनिवार-रविवार सपाट. लिहून झाल्यावर तिचं पेन थांबलं. शनिवारी आणि रविवारी पाळणाघर बंद असतं.

"अशा खोलीत माणसाला तास-दोन तास ठेवलं, तर काय होईल?" सरांनी विचारलं.

"झोप लागेल, सर," मागून फटाकडी म्हणाली. "मस्त, गाढ!"

वर्ग हसला. सरही हसले. "अगदी बरोबर. फक्त तिला झोप म्हणायचं नाही, ती गुंगी. अंग घामेजतं, डोकं जड होतं, उठवलं तरी माणूस लवकर उठत नाही." आणि त्यांनी पुढचा आलेख लावला.

झोपबाई उठली आणि वर्गाबाहेर पडली. तासाच्या मध्येच उठून जाणं हे तिने शाळेतही कधी केलं नव्हतं.

लिफ्ट अर्थातच बंद होती. ती जिने चढून वर आली. रोज ती स्वतः आत असतानाच खिडक्या लागत, आणि तासावरून परत येईपर्यंत जावेने त्या उघडलेल्या असत. त्यामुळे कोंडलेल्या खोलीत बाहेरून पाऊल टाकायची वेळ तिच्यावर इतक्या वर्षांत आलीच नव्हती. तिने दार ढकललं आणि तोंडावर गरम ओला टॉवेल पडावा तशी हवा अंगावर आली. दूध, घाम, उशा, सगळ्याचा मिळून एक वास. खुर्चीत जाऊ विणकाम मांडीवर घेऊन तोंड उघडं टाकून झोपली होती. या खोलीत जावेची जीभसुद्धा झोपते, असा विनोद झोपबाई नेहमी करायची.

दाराजवळच्या गादीवर भुंगा होता. घरी क्षणभर एका जागी ठरत नाही म्हणून त्याचं नाव भुंगा. त्याची मान ओली होती, केस कपाळाला चिकटलेले. तिने हाक मारली. गालाला हात लावला. उचलून बसवला तर मान कलंडली. मग त्याने डोळे उघडले, तिच्याकडे ओळख नसल्यासारखं पाहिलं आणि रडायला सुरुवात केली. भुंगा रोज असाच उठायचा. आणि रोज ती कौतुकाने म्हणायची, किती गाढ झोपतो माझा राजा.

तिने गोधड्या ओढून काढल्या, खिडक्या धडाधड उघडल्या. एकेक करून सगळी ओळ रडायला लागली. जाऊ दचकून उठली.

"काय गं, आग लागली का?"

"नाही."

"चोर शिरला?"

"पोरं बाहेर घे आधी. बोलू नंतर."

गोंगाट ऐकून मी खालच्या मजल्यावरून वर गेले, तेव्हा सगळी मुलं जिन्याच्या पायऱ्यांवर बसून केळी खात होती आणि तीही त्यांच्यात बसली होती. तिच्या हातातलं केळं सोललेलं होतं आणि खाल्लेलं नव्हतं. मला बघून म्हणाली, "अगं, माझ्या हाताला झोप नव्हतीच. ती त्या खोलीची होती." मग थोड्या वेळाने, मुलांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "इतकी पोरं झोपवली मी. कुणाला काही झालं असेल का गं?"

मला काय कळणार? मी तिच्या हातातलं केळं घेऊन भुंग्याला दिलं.

नवऱ्याने त्याच्या परीने मार्ग काढला. "उद्यापासून खिडक्या उघड्या ठेव. विषय संपला. लोकांना सांगत कशाला बसतेस? सगळे पोरं काढून नेतील."

"लिफ्टचा दोर झिजलेला दिसला तर तू काय करतोस?"

"लिफ्ट बंद करतो."

"आणि लोकांना काही सांगत नाहीस?"

"सांगतो की. पाटी लावतो," तो म्हणाला. मग, "आधी डॉक्टरीणबाईंना तरी विचार," एवढंच पुटपुटला.

मुलांच्या डॉक्टरीणबाई पुढच्याच गल्लीत. त्यांचा मुलगाही झोपबाईच्याच ओळीत झोपून मोठा झालेला. झोपबाईने त्यांना सगळं सांगितलं. खिडक्या, गोधड्या, पंखा, भुंग्याची मान. काही लपवलं नाही. डॉक्टरीणबाईंनी प्रश्न विचारले. कुणाला कधी चक्कर? उलट्या? दुपारनंतर ताप? जागी झाल्यावर जेवतात-खेळतात का? झोपबाई उत्तरं देत गेली.

"हे बघ," शेवटी त्या म्हणाल्या, "माझा मुलगा तुझ्याकडून संध्याकाळी घरी यायचा आणि सोफ्यावर उड्या मारायचा. त्याच्या स्प्रिंगा त्यानेच तोडल्या, विचार कुणालाही. तुझी बाकीची पोरंही मी दर महिन्याला तपासतेच. वजनं बरोबर आहेत, उंच्या बरोबर आहेत, तोंडं तर जास्तच चालतात. कुणाचं काही बिघडलेलं नाही."

"नक्की?"

"नक्की. पण उन्हाळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. आजवर निभावलं म्हणून पुढे निभावेलच असं नाही. जागा बदल, आणि लवकर बदल."

"काही बिघडलेलं नाही, हे लिहून देता का?"

"काय लिहू? 'सोफा तुटला, मूल ठीक'?"

झोपबाई बाहेर आली आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. आत जाणाऱ्या एका बाईला वाटलं, हिला काहीतरी वाईट कळलं असणार. ती धीर द्यायला खाली वाकली तर झोपबाई तिला म्हणाली, "नाही नाही, सगळं चांगलं आहे हो," आणि पुन्हा रडायला लागली.

त्या संध्याकाळी दारात उभी राहून तिने प्रत्येक आईबापाला सांगितलं. पाटी लावल्यासारखं, सरळ. बँकेत काम करणारे एक बाबा होते. त्यांनी ऐकून घेतलं, मुलीची पिशवी काखोटीला मारली आणि, "आम्ही बघतो दुसरीकडे," म्हणून निघून गेले. आणखी एका आईने नुसतंच तोंड फिरवलं. भुंग्याची आई बसमध्ये तिकिटं देते, तिने पाठीवरची बॅग खाली ठेवली आणि म्हणाली, "काकू, आमच्या घरात याहून वाईट परिस्थिती आहे. मी कधी मोजली नाही, एवढंच. उद्या किती वाजता आणू याला?"

पुढच्या तासाला वर्गात झोपबाईने हात वर केला. "सर, तो बेकरीचा आलेख माझा होता. पाळणाघर आहे ते."

सरांचा चेहरा उतरला. तास संपल्यावर फटाकडी तिच्यामागे जिन्यापर्यंत पळत आली. "काकू, मला माहीत नव्हतं हो. मी आपलं उगाच बोलले."

"अगं, बरोबरच बोललीस. तू बोलली नसतीस तर मी अजून ती खोली नमुना म्हणून मिरवत बसले असते."

सर आणि फटाकडी येऊन खोली बघून गेले. सरांनी स्टुलावर चढून छताला हात लावला आणि झटकन मागे घेतला. खिडक्या उघड्या ठेवल्या तर हवा ताजी राहील, ते म्हणाले, पण वरची गच्ची दिवसभर तापते आणि ती उष्णता छतातून खाली उतरते, तिला खिडकीचा उपयोग नाही. गच्चीला पांढरा रंग द्यायला हवा, वर सावली करायला हवी. त्याला वेळ लागेल. "तोपर्यंत दुपारी मुलांना खाली हलवा."

"खाली कुठे?" झोपबाईने विचारलं.

नवरा जमिनीकडे बघायला लागला. जमिनीखाली तीन मजले सोडून सासूबाई होत्या.

सासूबाईंच्या खोलीला एका बाजूने शेजारच्या इमारतीची सावली आणि दुसऱ्या बाजूने भल्यामोठ्या झाडाची. खिडकी बारा महिने उघडी, कारण तिच्यातून फाटक दिसतं आणि फाटकातून कोण आलं, कोण गेलं, हाच सासूबाईंचा दिवस. झोपबाई आधी सरांकडून यंत्र पुन्हा मागून ते घेऊन गेली.

"हे काय आणलंस?"

"हवा मोजायचं यंत्र आहे, आई."

"माझी हवा मोजतेस?" सासूबाई म्हणाल्या. "कमी निघाली तर काय, घराबाहेर काढणार?"

हवा उत्तम निघाली. इमारतीत सगळ्यात गार आणि सगळ्यात ताजी. मग झोपबाई पुन्हा खाली गेली आणि पलंगाच्या कडेला बसली.

"आई, उन्हाळाभर दुपारी पोरांना इथे आणू का?"

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"ती शेंबडी?"

"शेंबूड पुसून आणते."

"वर काय झालं एकाएकी?"

झोपबाईने सांगितलं. सासूबाईंनी फाटकावरची नजर न काढता ऐकलं. "म्हणजे इतकी वर्षं तू त्यांना अंड्यांसारखं उबवत होतीस म्हण की."

"हो," झोपबाई म्हणाली.

सासूबाई दुसऱ्या वाक्याची तयारी करून बसल्या होत्या, ते वायाच गेलं. सून वाद घालत नाही म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा वळून तिच्याकडे पाहिलं. "आपली पोरगीही तिथेच झोपायची ना गं?"

"हो."

"ती तर आता दोन माणसांचं एकटी बोलते. म्हणजे काही झालेलं नाही कुणाला." मग बराच वेळ गुडघे चोळून, "माझी खुर्ची हलणार नाही. माझ्या पलंगावर कुणी चढायचं नाही. आणि खिडकी लावायची नाही. मला फाटक दिसलं पाहिजे."

"आई, खिडकी उघडीच हवी आहे."

"मग माझं काय जातंय!"

गाद्या खाली आल्या. आणि मुलं झोपेनाशी झाली.

उजेड होता, पंखा जोरात होता, फाटक वाजत होतं. खिडकीशी सासूबाईंची खुर्ची आणि खुर्चीभोवती मुलं. "तो बघ, पेपरवाला. बिलासाठी आलाय, आता पहिल्या मजल्यावरचे दार उघडायचे नाहीत," असं सासूबाई सांगत आणि खरोखर दार उघडत नसे, त्यामुळे मुलांचा त्यांच्यावर फार विश्वास बसला. संध्याकाळी घरी जाऊन भुंगा गल्लीची सगळी बातमीपत्रं देऊ लागला आणि जेवताना ताटात डोकं टाकून पेंगू लागला. "काकू, फार किरकिर करतोय हो," त्याची आई दबक्या आवाजात म्हणाली. झोपबाई रोज ओळीने सगळ्यांना आडवं करी, पाठीवर हात ठेवी. एक दिवस भुंगा अंग चोरून म्हणाला, "हात काढ ना काकू, गुदगुल्या होतात."

तिने हात काढला. नंतर कुणाच्याच पाठीवर ठेवला नाही.

"झोपबाईची जागबाई झाली," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खिडकीतून फाटकापर्यंत जातो, त्यामुळे दोन दिवसांत गल्लीतही ते नाव पोचलं. झोपबाई हसली खरी. पण मला म्हणाली, "मुलं चांगली आहेत, यातच सगळं आलं. माझा हात काय, भांडी घासायलाही चालतो."

अशातच परीक्षा आली. संध्याकाळी वेळ नाही, सकाळी नाही, तेव्हा दुपारी मुलं खेळत-लोळत असताना तिने तिथेच अभ्यास सुरू केला. ती गाद्यांच्या मध्ये बसे, आणि सासूबाई पुस्तक मांडीवर घेऊन प्रश्न विचारत. चष्मा त्यांना कधी सापडत नसे, त्यामुळे उत्तर पुस्तकातलंच आहे की नाही ते कळायचा मार्ग नव्हता. त्या आवाजावरून ठरवत. "अडखळलीस. म्हणजे चूक. पुन्हा म्हण." पुढे ती चांगल्या गुणांनी पास झाली, आणि त्यातले निम्मे गुण आपले, असं सासूबाई अजून फाटकातून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. पण ते नंतरचं.

अशाच एका दुपारी सासूबाईंनी विचारलं, "सज्जता म्हणजे काय?"

"संकट येणारच नाही, असं कुणाला म्हणता येत नाही," झोपबाई म्हणू लागली. "पण ते येण्याआधी ओळखणं, आलं तर कमीत कमी नुकसान होईल अशी जागा करणं, आणि ते गेल्यावर पुन्हा..."

"अडखळलीस."

"पुन्हा पहिल्यासारखं कामाला लागता येणं."

"काकू, पहिल्यासारखं म्हणजे कसं?" भुंग्याने विचारलं. तो खिडकीजवळून सरपटत तिच्या गादीवर आला होता आणि पानांच्या सावल्या भिंतीवर हलताना बघत होता.

"तू पडून ऐक. पुढे आहे ते," ती म्हणाली आणि पुढे म्हणत गेली. उष्म्याच्या लाटा. झाडांची सावली. पांढऱ्या छपरांचे फायदे. नदीकाठची वस्ती. एकसुरी, न थांबता, कारण थांबलं की सासूबाई अडखळलीस म्हणणार. अर्ध्या धड्यावर तिच्या लक्षात आलं की बराच वेळ कुणी अडखळलीस म्हटलेलं नाही. तिने वर पाहिलं. सासूबाईंची हनुवटी छातीवर टेकली होती. पुस्तक मांडीवरून घसरून अडकलं होतं. ओळीतली सगळी मुलं निजली होती, जो जिथे लोळत होता तिथे, वेडीवाकडी. आणि भुंग्याच्या पाठीवर तिचा हात होता. कधी ठेवला तिला आठवेना.

तिची पहिली भावना भीतीची होती. तिने हात उचलून भुंग्याच्या मानेखाली घातला. मान कोरडी होती, गार. मग ती गुडघ्यांवर सरकत ओळीच्या टोकापर्यंत गेली, एकेकाची मान चाचपत. कोरडी. कोरडी. एकीच्या मानेला केळं लागलं होतं, तेवढंच. पंख्याने सगळ्यांचे केस उडत होते. ती परत येऊन भुंग्याशेजारी बसली. झोपलीत हे कळलं, पण तेवढ्याने तिचं समाधान होईना. तिला ती उठताना बघायची होती. धडा अर्धा राहिला होता, परीक्षा जवळ आली होती, तरी ती पुस्तकाला हात न लावता नुसती बसून राहिली.

बाहेर फाटक करकरलं.

भुंगा कुशीवर वळला. त्याचे डोळे उघडले, आणि उघडले ते चक्क जागे. त्याने सरळ तिच्याकडे पाहिलं, ओळखून.

"काकू, फाटक वाजलं. कोण आलं?"

"कोण आलं?" खुर्चीतून सासूबाईही त्याच वेळी म्हणाल्या.

ती उठून खिडकीशी गेली. फाटकात कोणी नव्हतं. फाटक आपलंच आत-बाहेर हलत होतं, आणि झाडाची वाळकी पानं अंगणातून खिडकीकडे येत होती.

"कोणी नाही," ती म्हणाली. तिला हसू येत होतं आणि आवाज नीट लागत नव्हता. "वारा आलाय."

"अडखळलीस," सासूबाई म्हणाल्या.

"मला केळं," भुंगा म्हणाला.